आरसा वीतभर लांब होता

...अहो, गाडीचा पत्रा गेला खड्ड्यात, पत्र्याचं कोण रडतंय, पण त्या माणसाच्या हातात तो लाल त्रिकोण होता आणि अपघात झाला की तो गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा असतो हेच त्याला आठवेना! छातीशी धरून उभा, बक्षीस मिळाल्यासारखा! कोण म्हणून काय विचारता? आमचे हे! ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर! बावीस वर्षं शिकवतात हो, बावीस वर्षं! अपघात झाला तर काय करायचं, यावर अख्खा तास घेतात. वर्ग आमच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे भांडी घासता घासता माझाही पाठ झालाय... "जागीच थांबा! इंजिन बंद! चारी दिवे लुकलुकते ठेवा! आधी माणूस बघा, मग पत्रा बघा! भांडू नका, पळू नका!"

तर तुम्हाला सांगते, सकाळी दहाची वेळ, नणंदेकडे निघालो होतो. मी बोलत होते. म्हणजे मी बोलतेच. नणंदेचे पडदे, जिन्यातला गेलेला बल्ब, खालच्यांचा नवा सोफा... आणि त्या ओघात म्हणाले, की मंगळवारी बाथरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरून खालीच बसले. झालं! "काय म्हणालीस?" करत यांनी मान वळवली, आणि हात मात्र गाडी डावीकडे घेतायत! आता डावा आरसा कुठे असतो? माझ्या खांद्यापलीकडे, वीतभर! पण बघितलं माझ्या तोंडाकडे.

मोठा आवाजसुद्धा नाही हो. कपाटाचं दार लावावं तसा. मागून स्कूटरवर एक मुलगी येत होती, ती स्कूटरसकट आडवी. मला काय वाटलं? काही नाही. रडू नाही, भीती नाही. आडव्या स्कूटरचं चाक फिरत होतं, ते थांबेपर्यंत बघत बसले. आणि हे? उतरले, डिकी उघडली, त्रिकोण काढला, आणि संपलं. पुतळा! बावीस वर्षं शिकवतात हो!

मग उठलं कोण? तीच! अंगावर नर्सचा पांढरा गणवेश, कोपर सोललेलं, डावं मनगट उजव्या हातात धरलेलं. ती यांच्याकडे बघते आणि म्हणते, "सर? सर, मी तुमच्याकडेच शिकले. आधी इंजिन बंद करा."

यांनी बंद केलं.

"आता चारी दिवे लावा. काकू, तुम्हाला लागलंय का? नाही ना? मग रुग्णवाहिकेला फोन करा, माझं मनगट गेलंय बहुतेक. सर, तो त्रिकोण मागे ठेवा. आणखी मागे. आणखी... हां. आता फोटो काढा, गाड्या हलवायच्या आधी!"

हे फोटो काढतायत, निम्मे फोटो स्वतःच्या बुटाचे! ती रस्त्याकडेला बसून यांची परीक्षा घेतेय, आणि बावीस वर्षं शिकवणारा माणूस काठावरसुद्धा पास होईना!

एवढ्यात समोरचा चपलांचा दुकानदार धावत आला. यांच्या कानाशी लागला, "मास्तर, तोंड उघडू नका. पोरगीच जोरात होती म्हणून मी सांगतो पोलिसांना. उगाच तुमचं शिकवायचं लायसन्स जायचं!" आणि खरं सांगू? मला वाटलं, सांगू दे त्याला. हो, वाटलं. ती मुलगी तिथे हात धरून बसलीय आणि मला असं वाटलं.

हवालदार आले. "हं, मास्तर, कसं झालं?"

हे त्या मुलीकडे बघत म्हणाले, "मी आरसा बघितला नाही." एवढंच. दुकानदार कपाळावर हात मारून दुकानात गेला.

तिचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. यांचं लायसन्स तीन महिने बंद, पुढच्या खोलीतले बाक भिंतीला लावून ठेवलेत. विम्याचे कागद घेऊन हे तिच्याकडे जातात, ती बरी आहे, बोटं हलतात. माझंही रक्त तपासलं, कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. सगळं मार्गी लागलं म्हणायचं. पण घरी हे वाढलं की जेवतात, उठ म्हटलं की उठतात. मीही तशीच. पोळी तव्यावर जळते आणि मी बघत उभी.

शेवटी परवा जेवताना मला राहवेना. म्हटलं, "अहो, तुम्ही हवालदारांना सांगितलं का नाही, की बायको शेजारी बसून बडबडत होती? माझ्यामुळे झालं, तर माझं नाव घ्यायचं!"

यांनी चमचा खाली ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू रोजच बडबडतेस. त्यानं कधी अपघात होत नाही. त्या दिवशी मी ऐकायला गेलो, ती चूक माझी."

तुम्हाला सांगते, तेव्हापासून मी बोलणंच सोडून दिलंय.