असईची लढाई आणि कालची तारीख

विषय: असईच्या जुन्या लढाईचा खेळ व त्याचा जप्त झालेला नकाशा.

मंडळी, अठ्ठेचाळीस साली, संस्थानात बाहेरची फौज शिरणार अशी आवई असताना, हसनाबादेत मी आणि रंगनाथ मास्तरांनी चिंचोक्यांच्या फौजा लढवायचा खेळ आखला. नकाशा मी काढला. नदीच्या उतारावर लिहिलं, 'फौज इथून उतरेल', आणि कारकुनी सवयीने खाली तारीख घातली.

दुसऱ्याच दिवशी पोलिस जमादार आला नि नकाशावर बोट ठेवलं. "ही फौज कुनाची?"

मी म्हणालो, "जमादारसाब, या लढाईला शंभरावर वर्षं झाली."

"मंग तारीख कालची कशी?"

मास्तर म्हणाले, "नकाशा माझा हाय. ह्या कारकुनाला तर खेळता बी येत न्हाई!"

नकाशा जप्त करून मास्तरांना नेलं, ते परतले नाहीत. त्यांचा ठावठिकाणा विचारणारा अर्ज मी मास्तरीणबाईंच्या नावे लिहिला. पुढे सरकार बदललं, बाईही वारल्या. अर्ज विचाराधीन आहे.