मामाचा शेरा

"हॅलो? … हॅलो, ताई? थांब, काच वर करतो, वारा फार आहे इथे. … हं, बोल."

लारेडोच्या एका शाळेच्या मैदानाबाहेर अन्सेल्मो गाडीत बसला होता. सामना सुरू व्हायला अजून अवकाश होता. एक माणूस पाइप धरून मैदानातल्या मातीवर पाणी मारत होता. कित्येक वर्षं अन्सेल्मो एका बेसबॉल क्लबचा स्काऊट म्हणून दक्षिण टेक्सासातल्या शाळाशाळांतून खेळाडू हेरत हिंडत होता. सामन्याच्या दिवशी बहीण त्याला कधी फोन करत नसे.

"नाही, जेवतोय. … असू दे, गार झालं तर झालं. काय झालं? … कोण आलं होतं घरी? … हॉलिस? आमचा हॉलिस?"

हॉलिस त्याच क्लबचा दुसरा स्काऊट. माणूस मनानं चांगला, पण तोंडात तीळ भिजत नसे.

"काय सांगितलं त्यानं? … हं. … हो, खरं आहे. मीच लिहिलं."

"ताई… ताई, ऐक ना. … बरं, बोल. तू बोलून घे."

तो ऐकत राहिला. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनं, ओर्तेन्सियानंच, त्याला वाढवलं होतं. शाळेचे डबे तिनं भरले, पहिला ग्लोव्ह तिनं घेऊन दिला. तिचा मुलगा एफ्राइन वेस्लाकोच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होता आणि शॉर्टस्टॉपला खेळायचा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे सगळ्यांत अवघड चेंडू येतात. जुलैमध्ये मोठे क्लब फेरीफेरीनं पोरं निवडतात, तेव्हा एफ्राइनचं नाव पुकारलं जाणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

"वाईट आहे असं नाही लिहिलं. क्लबनं घेऊ नये असं लिहिलंय. … फरक आहे, ताई. … बरं, तुझ्यासाठी नसेल."

"पाहिला ना. न पाहता लिहीन का? … दर वेळी लांब बसलो, उजव्या कुंपणाजवळ. … तुमच्यात येऊन बसलो असतो तर तू हातात काहीतरी खायला ठेवलं असतंस, आणि मग मला नीट दिसलं नसतं. … चेष्टा नाही करत. खरंच सांगतोय."

"हातांबद्दल काय बोलायचं? चेंडू कसाही उसळू दे, त्याच्या ग्लोव्हमध्ये शिरताना आवाज होत नाही. … तेही लिहिलंय. असे हात क्वचित दिसतात, असं लिहिलंय. … पायही हलके आहेत. फटका बसायच्या आत याचं पाऊल उचललेलं असतं. ते शिकवून येत नाही कुणाला."

"मग काय म्हणजे… फेक, ताई. फेक कमी पडते. … अगं, तिसऱ्या बेसकडून चेंडू अडवला की तिथून पहिल्या बेसपर्यंत तो ताठ जायला हवा. याचा शेवटी शेवटी बसतो. … शाळेत खपून जातं ते. धावणारी पोरंही शाळेतलीच असतात. वर नाही खपत."

"व्यायामानं वाढेल, पण किती? … तसा खांदाच आहे त्याचा. बाबांचा होता ना, तसा. … कॉलेजात जाऊ दे, दुसऱ्या बेसवर खेळू दे. तिथून फेक जवळ पडते. तिथे तो राज्य करेल. … नाही, मनाची समजूत घालायला नाही बोलत."

"रडू नकोस गं. … बरं, नाही रडत. मी चुकीचं ऐकलं."

मैदानातल्या माणसानं पाइप दुसऱ्या बाजूला ओढला. अन्सेल्मोनं खाण्याचा कागद गुंडाळून बाजूच्या सीटवर ठेवला.

"हो, हॉलिसला लिहू देता आलं असतं. साहेबांनी विचारलंही होतं मला. म्हणाले, भाचा आहे तुझा, दुसऱ्या कुणाला पाठवू का? मी म्हटलं, नको, मीच लिहितो. … का म्हणजे…"

"कारण हॉलिसनं 'घ्या' म्हणून लिहिलं असतं. … आणि हो, घेतलाही असता. अगदी तळाशी, उरलेल्या पोरांत, पण घेतला असता."

"ताई? … आहेस ना? … नाही, ऐक आता. आनंद कसला? त्याला फ्लोरिडाला, क्लबच्या शिबिरात नेतात. एका खोलीत चार-चार पोरं. उन्हात खेळवतात. एक उन्हाळा, फार तर दोन. मग एका सकाळी आत बोलावतात आणि कपाट रिकामं करायला सांगतात. … कॉलेजनं तोवर ती जागा दुसऱ्याला दिलेली असते. … आपल्या भागातली अशी पोरं परत येतात, तेव्हा बसस्टँडवर त्यांना आणायला मी जातो. घरापर्यंत सोडतो. त्यांच्या आया दारात उभ्या असतात. नेलंतच कशाला, म्हणतात मला. … मी टोपी हातात घेऊन उभा राहतो. तुझ्या दारात तसं उभं राहायचं नव्हतं मला."

"…"

"नाही, तुला नाही विचारलं. … त्यालाही नाही. … हो. ठरवणारा मी कोण, हे तुझं बरोबर आहे."

"शाळेत नाही गेला आज? … मग तो ऐकतोय का हे सगळं? … नको, आत्ता नको देऊस त्याला. रविवारी येतो ना मी, समोर बसून बोलतो. ताई, नको… ताई?"

"… एफ्राइन. … हो, मीच. … जेवलास? … बरं. … विचार."

"तेच, फेक. आईला सांगितलं तेच तुलाही सांगतो. … तुला ठाऊक होतं? कधीपासून? … हं. म्हणून तू पुढे सरकून उभा राहतोस. … दिसलं रे. फेक जवळची व्हावी म्हणून. पण मग बाजूचे चेंडू निसटतात तुझे. तो शेवटचा निसटला ना, तो मागे उभा असतास तर तुझाच होता. … नाही, हॉलिसच्या नाही ध्यानात आलं. … मी? मी नाही लिहिलं ते. … नाही लिहिलं, बस. सगळंच कुठे लिहितो माणूस."

"काय म्हणालास? … परत बोल, ट्रक गेला मधेच."

ट्रक वगैरे काही गेला नव्हता. रस्ता मोकळा होता. अन्सेल्मोला प्रश्न पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला होता.

"तू माझा भाचा नसतास तर काय लिहिलं असतं… असं विचारतोयस. … आहे, आहे मी. विचार करतोय."

"गुण हेच दिले असते. हात, पाय, फेक, सगळं आहे तसंच. … शेवटचा शेरा? शेरा…"

"नाही, तो असा नसता. … लिहिलं असतं, तळाच्या फेरीत मिळत असेल तर घ्या. क्लबचं फारसं काही जाणार नाही. … हो, असंच लिहितो मी. लोकांच्या पोरांसाठी पुष्कळदा लिहिलंय."

"एफ्राइन. … बोल रे काहीतरी. ओरडलास तरी चालेल. … मग इतकं हळू नको बोलूस. आईपेक्षा तुझंच जास्त लागतंय मला."

"…"

"भाचा नाही असं समजून लिही, म्हणतोस. … समजलं. … अरे, पण फ्लोरिडाचं ऐकलंस ना आत्ता? … सगळं ऐकलंस. आणि तरी? … हं. निदान आपलं आपण हरायचं. … बरं."

"बरं म्हणजे लिहितो. आजच, सामना सुरू व्हायच्या आत. … माझ्या शब्दानं तुला घेतीलच असं नाही, तेवढं लक्षात ठेव. … कॉलेजनं जागा देऊ केलीय ना, त्या कागदावर मात्र सही कर. अट नाही रे, सांगतोय फक्त. सही असली तरी क्लबला तुला निवडता येतं. मग दोन्ही दारं उघडी राहतील, कुठल्या दारानं जायचं ते तू बघ. … नाही केलीस तरी मी लिहीन."

"माझ्यावर रागावला असशील. … आहेस. बरं, राहा. … दे आईकडे."

अन्सेल्मोनं डोळे मिटून घेतले. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि दार आपटल्याचा आवाज आला.

"ताई? … हो, बदलणार आहे. तो म्हणाला म्हणून. … काय? … ताई, तू फोन कशासाठी केला होतास? … हो, पण आता तूच म्हणतेस, आधीचाच शेरा राहू दे."

"अगं, मला कळत नाही का? स्टँडचं मी बोलायला नको होतं. … नाही, खोटं नव्हतं. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, पण खोटं नव्हतं. … तू त्याला समजाव. समजला तर ठीकच आहे. पण मी आता नाही थांबू शकत. त्याला शब्द दिलाय."

"तुझा भाऊ आहेच मी. … ताई, मी एकदा तुम्हाला न विचारता केलं. आता तू सांगतेस म्हणून त्याला न विचारता करू? … नाही. … नाही गं, ताई. तू कितीही रड, नाही करणार."

"रविवारी? … येऊ नको? … बरं. … बरं, नाही येत. … मग तू म्हणशील तेव्हा. … हॅलो? ताई? …"

तिनं फोन ठेवला होता. खेळाडूंची बस फाटकातून आत शिरली. पोरं पाठीवर पिशव्या घेऊन एकेक करत उतरू लागली. त्यांतला शॉर्टस्टॉप कोण, हे अन्सेल्मोनं सवयीनं चालण्यावरूनच ओळखलं. मग नजर काढून घेतली आणि दुसरा नंबर लावला.

"हॅलो, साहेब? अन्सेल्मो बोलतोय. … हो, मैदानावरच आहे. … नाही, आजच्या पोराचं नाही. वेस्लाकोच्या शॉर्टस्टॉपबद्दल मी पाठवलं होतं ना… हो, माझा भाचा. त्यातला शेवटचा शेरा बदलायचाय. … बाकी सगळं बरोबर आहे. फेक कमीच आहे. आणि पुढे सरकून उभा राहतो, तेही घाला, ते राहून गेलं होतं. … शेरा असा घाला: तळाच्या फेरीत मिळाला तर घ्यावा. … हो, घ्यावा. … कारण आधीचा शेरा त्याच्या मामानं लिहिला होता, साहेब. … नाही, कुणी दबाव नाही आणला. … आणलाच असेल, तर बहिणीनं. तो उलटा होता."