देवघराच्या वरची खोली

नाही काका, पाणी चढंल का नाही ते तुम्ही पाहा, मले त्यातलं समजत नाही — मी एवढंच म्हणून राहिली की खोली हीच. दुसरी नाहीच. वर दोन खोल्या, एकीत आम्ही निजतो, अन् ही एक, इथं पेट्या होत्या, त्या काढल्या. हे कपडे धुवायच्या मशीनचं खोकं. दोन महिने झाले, उघडलं नाही. उघडून काय करता — नळ नाही, पाणी जायले जागा नाही. ह्यायनं म्हटलं, गुलाबराव काकांले बोलावतो, ते बाबांसंग स्टील प्लांटात पाणीखात्यात होते, त्यायच्याइतकं कोणाले समजत नाही. अन् ड्यूटीवर गेले. जाताना म्हटलं, मशीन वर लावायची का खाली, तुले जसं पाहिजे तसं सांग, तुझंच काम आहे. माझंच आहे, खरं आहे. — उर्वी, खोक्यावर नको चढू. नाही, पडत नाही ती, बांधलेली आहे. ही पाहा ना, तिच्या फ्रॉकची नाडी अन् माझा पदर, सकाळीच गाठ मारून ठेवते. हसा, हसा. सगळेच हसतेत. शेजारची सोनल म्हणते, गीता, पोरगी आहे का बकरी. म्हणू दे.

खाली कावून नको? तुम्हीही तेच विचारता. खाली जागा आहे ना, आहे, मागच्या आंगणात नळ आहे, मोरी आहे, तिथंच तर धुते मी सहा वर्षांपासून. पण वाळवायचं छतावर. मतलब ओली बाल्टी घेऊन एकोणीस पायऱ्या — अन् तुमाले तर माहीत आहे, रिसालीत राहता तुम्हीही, हवा प्लांटकडून आली का दोरीवरचे कपडे तांबूस होतेत, काळे कण बसतेत, झटकले तर पसरतेत. मग पुन्हा खाली आणा, पुन्हा धुवा, पुन्हा वर. मोठ्यांचं चालते, ह्यायचा शर्ट तर प्लांटात जाऊन तसाच होणार. पण बाळाचं नाही चालत ना. बाळाचे लंगोट मी दोन-दोनदा धुतले. आता तर ती लंगोटात नाही, आता दोन वर्षांची झाली — तरी हे म्हणतेत वर लाव. वर मशीन, बाजूले छत, धुतलं का वाळत घातलं. ह्या कोपऱ्यात छोटा ओटा टाकू म्हणतेत, चहा-दूध होऊन जाईल. तुले खाली उतरायचं कामच नाही, अन् पोरगी डोळ्यासमोर. बरोबर आहे. ऐकायले सगळं बरोबर वाटते. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मले कसं वाटते विचारता? मले काही वाटत नाही काका. खरं सांगते. कोणी विचारलं आज वरण करायचं का कढी, तरी मी अशीच उभी राहते.

टंकी? हो, टंकी याच्याच डोक्यावर आहे, फार उंच नाही. धार बारीक येईल म्हणता? येऊ द्या बारीक, मशीनले काय घाई आहे. अन् हलते ती फिरताना, ऐकलं मी, स्लॅब धरंल ना? धरंल. बरं. अन् घाण पाण्याचा पाईप — इथून? या भिंतीतून खाली? थांबा. या भिंतीच्या खाली काय आहे माहीत आहे का तुमाले. चला, दाखवते. सांभाळून, ही तिसरी पायरी उंच झाली आहे, मिस्त्रीनं चुकवली. उर्वी, ये, कडेवर ये. जिन्यावर मी तिले चालू देत नाही. चपला तिथं खाली काढा, पुढं देव आहेत.

हे पाहा. बरोबर वरच्या खोलीच्या खाली. आईंचं देवघर. माझ्या सासूबाईंचं. तुमचा पाईप इथून येणार, या देव्हाऱ्याच्या पाठीमागून, अन् वर त्यायच्या डोक्यावर सगळ्या घराचे मळके कपडे. आता आई कशा आहेत ते तुमाले माहीत आहे, तुम्ही आमच्या जुन्या क्वार्टरात जेवायले येत होते ना. घर बांधलं तेव्हा नकाशात वर बाथरूम होतं याच जागी — आईनं नकाशा ह्यायच्या हातात परत दिला. देवाच्या डोक्यावर मोरी नाही पाहिजे म्हणे. चार दिवस जेवल्या नाहीत धड. मग ती पेट्यांची खोली झाली. त्या पेट्या ठेवायच्या खोलीतही चप्पल घालून जाऊ देत नव्हत्या कोणाले. अन् आता त्याच म्हणतेत — हलवा देव. ह्यायनं मशीनचं काढलं तर आईच म्हणे, देव मी माझ्या खाटेपाशी घेते, देवाले काय, दोन फळ्या लागतेत. लाव म्हणे वर. गीताले खाली ठेवू नका. असं म्हटलं त्यायनं. मी कणीक मळून राहिली होती.

बोला, बोला मोकळं. वरांड्यात बसल्या आहेत त्या, पण ऐकू नाही येत. कानाची मशीन आहे, दुपारी काढून ठेवतेत, शिट्टी वाजते म्हणे कानात. ही स्टीलची डबी, देवापाशी ठेवलेली, यातच ठेवतेत रोज. आता चार वाजेपर्यंत तुम्ही ढोल वाजवा. पाहा ना, सूप घेऊन तांदूळ पाखडून राहिल्या, वळूनही पाहिलं नाही तुमच्याकडे. नाहीतर तुमाले चहा विचारल्याशिवाय राहिल्या असत्या का.

काय झालं होतं ते ह्यायनं सांगतलं असंल तुमाले. थोडं सांगतलं? थोडंच आहे. उर्वी आठ महिन्यांची होती, नुकती रांगायले लागली होती. त्या दिवशी हवा आली प्लांटची, लंगोट पुन्हा धुतले, तर वाळत घालायले चार वाजले. अन् आमच्यात कसं आहे — दिवे लागायच्या आत बाळाचे कपडे घरात. बाहेर दोरीवर राहिले तर बाळाले त्रास होते म्हणतेत, रात्रभर रडते. आई रोज आठवण देत. त्या दिवशी नाही दिली. मीच वात लावायले गेली अन् काडी ओढता ओढता आठवलं, लंगोट वर आहेत. दिवा लागायच्या आत आणायचे होते ना. तशीच पळाली. उर्वी तिथं होती, त्या आंगणात, चटईवर, खुळखुळा घेऊन. आई तिथंच, चार हातांवर, पाठ करून, वाती वळून राहिल्या होत्या. अन् नळाखाली टब. हिचेच कपडे भिजवले होते त्यात, सकाळचे. पाणी किती असंल — एवढं, वीतभर. नाही, वीतभरही नाही.

लंगोट काढायले किती वेळ लागते काका? बारा लंगोट. काहीच नाही लागत. पण मी वर उभी राहिली. सांगते ना, उभी राहिली. लंगोट खांद्यावर टाकले अन् कठड्यापाशी उभी राहिली. हवा चांगली होती, तिकडं प्लांटचा उजेड लागत होता, अन् कोणी हाक मारत नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी हाक मारत नव्हतं. मले वाटलं, थोडं थांबते. माहेरी चरोद्याले मी सातवीतून शाळा सोडली ती चार भावंडांसाठी, माझी आई आजारी होती — चार लेकरं सांभाळली मी रेल्वेच्या क्वार्टरात, पुढून रूळ, मागून रूळ, एकाले खरचटलं नाही. अन् इथं एक लेकरू.

उतरली तर तिचे पाय वर होते. टबातून. एवढंच आठवते, पायांत काळा दोरा होता तो ओला नव्हता. आई तशाच वाती वळत. काही आवाज नाही आला त्यायले. सोनलचा नवरा, प्रफुल, त्यानं गाडीवर नेलं, मी मागं बसली, तिले उलटी धरून, तिनं गाडीवरच पाणी ओकलं. सहा दिवस दवाखान्यात. मग घरी आली. काही नाही झालं तिले, पाहा ना, धावते, बोलते, डॉक्टर म्हणे नशीब. सगळे म्हणे नशीब. पेढे वाटले आम्ही.

नाही, रडत नाही मी. रडली नाही तेव्हाही.

दवाखान्यात हे आले धावत, ड्यूटीच्या कपड्यांतच, अन् पहिलं विचारलं, तिच्याजवळ कोण होतं. मी म्हटलं, आईले सांगून गेली होती. असं निघालं तोंडातून. आई बाजूले बाकावर बसल्या होत्या. त्यायनं माझ्याकडे पाहिलं, मग कानाले हात लावला. म्हणे, सांगतलं असंल तिनं. मले ऐकू नाही आलं. पंधरा दिवसांनी कान तपासायले नेलं त्यायले, अन् डॉक्टरनं सांगतलं, हो, ऐकू कमी येते. मशीन लागली. सगळ्याइले पटलं. आईलेही पटलं. 

सांगतलं नव्हतं मी, काका. आई, पाहा जरा, इतकंही म्हटलं नाही. कान काय करतील.

तेव्हापासून त्या हिले घेत नाहीत. ही जाते, त्यायचा पदर ओढते, मांडीवर चढायले पाहते, तर लगेच हाक — गीता, घे इले. घे इले म्हणतेत अन् हात असे वर करतेत, लागू नये म्हणून. मी जाते, घेते, गाठ मारते. वर्ष होऊन गेलं, रोजचं आहे. मी म्हणत नाही, घ्या ना आई. कशी म्हणू. तसं म्हटलं तर बाकीचंही म्हणावं लागंल. अन् आता वर मशीन लागली, वर ओटा झाला, का मग आम्ही वर अन् त्या खाली. ताट पोचवून द्यायचं. देव खाटेपाशी, डबी खाटेपाशी. कोणाले काही म्हणायची गरजच नाही राहत. किती सोपं आहे. म्हणून हो म्हणायले जीभ उचलत नाही माझी, अन् नाही म्हटलं तर हे विचारतील, कावून.

तुम्ही सांगा ना. वर का खाली. तुम्ही पाण्याचं पाहता, मले माहीत आहे, बाकीचं तुमचं काम नाही. बरं. मोजून घ्या मग भिंत. थांबा, देव्हारा सरकवावा लागंल, वजन आहे, सागाचा आहे, तुम्ही तिकडून धरा — उर्वी, दोन मिनिटं उभी राहा इथं, गाठ सोडते, हलू नको. समई बाजूले ठेवते. ही फुलाची तबकडी. ही आईंची डबी, कानाच्या मशीनची —

हलकी लागून राहिली.

रिकामी आहे.

नाही, इथंच ठेवतेत. रोज इथंच. यातच. काका, ती मोजायची टेप बंद करा जरा, आवाज होते. सुपाचा आवाज कधी थांबला? मी बोलत होती तेव्हा चालू होता ना? तुमाले आठवत नाही. मलेही नाही. उर्वी कुठं गेली. आत्ता इथं —

तिथं आहे. मांडीवर आहे त्यायच्या. तांदूळ सांडले सगळे, वेचून राहिली ती.

हाक नाही मारली आज. पाहा ना, हातही खाली आहेत. तिच्या पोटावर आहेत.

माझ्याकडे पाहून नाही राहिल्या.

देव्हारा सोडा काका. जिथं होता तिथं. नाही, उद्या नका येऊ, मी ह्यायच्याजवळ निरोप देईन. भिंतीवर पेन्सिलनं खूण केली ती राहू द्या, मी पुसते. चहा आज राहिला. तुमच्या चपला जिन्यापाशी आहेत.