तुर्पिलियसांचं नाक

छे छे, तुम्ही नका उचलू, बसा — मुखवटा मीच देतो हातात. उद्या अंत्ययात्रेपुढे रीतीप्रमाणे घरचे मेलेले पूर्वज चालायचे, त्यात मालकांच्या थोरल्या पणजोबांचं सोंग नट म्हणून तुम्हीच घेणार ना? मग जपून, सत्तर वर्षांचं मेण आहे — म्हणजे बाकीचं सत्तर वर्षांचं, नाक दोन वर्षांचं. असं बघू नका राव. मी फिलेरोस, तुर्पिलियसांच्या घरचा गुलाम, टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरतो. धाकट्या मालकांकडे त्या वर्षी नाणी पाडायचं काम आलं, आणि जो तो आपला पूर्वज चांदीवर चढवतो, मग हे मागे राहतात होय? म्हणाले, मुखवटा समोर ठेव आणि हुबेहूब कोर. ठेवला. जानेवारीचा गारठा, बोटं वळेनात, शेगडी जवळ ओढली — कोणाच्या जवळ? माझ्या. आणि त्यांच्याही. मी आधी नाण्याच्या मागच्या बाजूचा रथ कोरत बसलो, मान वर करतो तर पणजोबांचं नाक हनुवटीवर. एवढं लक्ष रथात, तरी चार घोड्यांना पाय किती? चौदा. कनवटीला नाणं असेल तर मोजा — आजवर कोणी मोजले नाहीत, देवाची कृपा.

मग काय करणार? नवं नाक लावलं. कुठलं? हाताशी होतं तेच — चाचपून चाचपून माझंच. आणि तेच कोरलं नाण्यावर. तेव्हापासून धाकटे मालक पाहुण्यांपुढे तोंड बाजूला वळवून बसतात. त्यांचं नाक चपटं, पण ऐट नाण्यावरच्या गरुडनाकाची. या पणजोबांना, म्हणजे आपल्या आजोबांना, डोळ्यांनी पाहिलेल्या घरात एकट्या आत्याबाई — उद्या ज्यांना नेताय त्या. त्यांनी नाणं डोळ्यांशी धरलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. म्हणाल्या, "असंच होतं." आणि मृत्युपत्रात मला मोकळं केलं म्हणे, उद्या विधी उरकले की वाचतील. तोवर हे नाकाचं मालकांच्या कानी गेलं तर सुटका राहिली बाजूला, पाठीची साल निघेल — आणि मी शहाणा, भेटलेल्या पहिल्याच नटाला सांगून बसलो.

माझं नाक म्हटलं खरं, पण माझं तरी कुठलं? बापाचं. स्मिर्नाच्या बंदरात विकला गेलो तेव्हा मी तीन वर्षांचा. जहाजावर आमच्याकडची एक बाई होती, ती म्हणायची, नाक थेट बापाचं उचललंय. बाकी चेहरा आठवत नाही. गुलामाला कायद्यानं बापच नसतो, त्यामुळे विचारणार कोणाला? — नाही, रडत नाही, मेणाचा वास झोंबतो डोळ्यांना. एवढं करा राव. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर मी उभा असेन. तिथे जरा सावकाश चाला आणि मान वळवा माझ्याकडे. बाप चालताना कसा दिसला असता, ते एकदा बघायचंय. बस, एवढंच. घ्या हा, दोन्ही हातांनी धरा. आणि निघा आता, मालक येतायत.