वाटेत गेलेला गुरुवार

नाही, नाही, बूट जप्त नाही केले, धुऊन परत दिले — तेच तर सांगतोय. उतरल्या उतरल्या ती तपासणीवाली बाई विचारते, परदेशात मातीत फिरलात का? म्हटलं फिरलो, आणि घरी तर रोजच फिरतो, मेंढ्या आहेत माझ्या, लपवून काय करू. परदेशी मातीतून जनावरांना रोग येतो ना, मग ती बूट घेऊन आत गेली आणि दहा मिनिटांनी आणून दिले — हे बघा, तळसुद्धा घासलेत. नवे घेतले तेव्हाही इतके स्वच्छ नव्हते. पण आता काय उपयोग? काल दुपारी दोनला हवे होते. काल दुपारी दोनला आमच्या गावी, विंटनच्या चर्चमध्ये माझ्या भावाला शेवटचा निरोप दिला. थोरला. मर्डो. सख्खा भाऊ, दुसरा कुणी नाही मला. आणि मी काल दुपारी दोनला कुठं होतो? कुठंच नव्हतो. मला कालचा दिवस उजाडलाच नाही.

तुम्ही हसताय, पण खरं तेच आहे. लॉस एंजेलिसहून बुधवारी रात्री निघालो, आज शुक्रवारी सकाळी सहाला इथं ऑकलंडला उतरलो, घरी जायचं विमान अजून यायचंय. मधला गुरुवार? गेला. समुद्रात ती तारीख बदलायची रेघ आहे ना — दिसत नाही, लागत नाही, पण ओलांडली की अख्खा दिवस गिळते. जाताना लाड करते हो! जाताना आम्ही मंगळवारी संध्याकाळी निघालो आणि मंगळवारीच दुपारी पोचलो, निघायच्या आधी. नोलीन टाळ्या पिटत होती, म्हणे एक दिवस फुकट मिळाला. नोलीन म्हणजे माझी बायको — ती बघा, खिडकीशी उभी आहे, निळा कोट. तेरा तास झाले, माझ्याशी एक शब्द नाही.

तिचं बरोबरच आहे. नाही, बरोबर कसं? तिकिटं बदलायचा फोन मी केला, मान्य. पण कॅलेंडर तिच्याही पर्समध्ये होतं की नाही? चाळीस वर्षं माझ्या घरातली वार-तारीख तीच बघते — मेंढ्या कातरायला माणसं कधी येणार, जंताचं औषध कधी पाजायचं — आणि नेमकं याच वेळी सगळं माझ्यावर सोडलं. लास वेगासच्या त्या हॉटेलात काळा ड्रेस इस्त्री करत बसली. हॉटेलची इस्त्री, पाणी गळत होतं, दोनदा डाग पडला, दोनदा धुतला. विमानातही तो बॅगेत नाही टाकला, चुरगळेल म्हणून मांडीवर घेऊन बसली. आणि विमान वर गेल्यावर कॅप्टन बोलला — शुक्रवारी सकाळी सहाला उतरू, हवा छान आहे. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "शुक्रवारी? अहो, मग गुरुवार?" मी म्हटलं, "अगं, ती रेघ. माझ्या लक्षातच नाही आलं." तिनं तो ड्रेस घडी करून समोरच्या कप्प्यात ठेवला, त्या सुरक्षेच्या कागदांमागं, आणि तोंड फिरवलं. तेरा तास हो! खांद्याला खांदा लावून. जेवण आलं, तिनं झाकण नाही काढलं. मी माझं खाल्लं. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू.

पुतण्या कॅलम — मर्डोचा पोरगा, गुणी आहे, बापापेक्षा मऊ — त्याचा फोन आला तेव्हा आम्ही तिथली ती प्रसिद्ध मोठी दरी बघून हॉटेलात नुकतेच परतलो होतो. म्हणाला, "काका, बाबा गेले. अंत्यविधी गुरुवारी ठेवू का? पोचाल तुम्ही?" मी म्हटलं बुधवारच्या विमानानं निघतो. खरं बोललो की नाही? बुधवारचंच विमान. तो म्हणाला, "मग शवपेटी उचलताना पुढची उजवी बाजू तुमची. बाकीचे पाच ठरलेत, ती तुमच्यासाठी ठेवलीय." माझ्यासाठी! अकरा वर्षं मर्डोशी बोललो नव्हतो मी, आणि पुढची उजवी बाजू माझी.

का नव्हतो? कुत्र्यावरून. नाही, तुम्ही शहरातले, तुम्हाला नाही कळणार. टॅग नाव होतं. असा कुत्रा पुन्हा झाला नाही — शिट्टी निम्मी वाजली की वळायचा. एका पहाटे सुटला आणि मर्डोच्या कुरणात शिरला. सतरा मेंढ्या फाडल्या, गाभण मेंढ्या. मर्डोनं गोळी घातली. आमच्याकडं तसंच करतात, कायदाही तसाच आहे. एकदा रक्ताची चव लागली की कुत्रा ठेवत नाहीत. मी असतो तर मीही घातली असती — शेजाऱ्याच्या कुत्र्याला घातलीय मी, दोनदा. मर्डोनं स्वतः आणून दिला त्याला, स्वच्छ पोत्यात गुंडाळून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याचेही डोळे लाल होते. मी पोतं घेतलं आणि दार लावलं. एक "बरं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नाही म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी म्हणणं जास्त कठीण झालं, आणि वर्षभरानं तर विचारूच नका. जनावरांच्या बाजारात आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहायचो. लोक मध्ये जागा सोडायचे, सवय झाली होती लोकांना.

तर चूक त्या विमान कंपनीच्या पोरीची. तिनं नीट सांगायला नको? म्हणजे — सांगितलं तिनं. "साहेब, बुधवारी निघालात तर शुक्रवारी पोचाल, चालेल ना?" असं म्हणाली. मंगळवारच्याही दोन जागा होत्या. घरात कुणी गेलंय म्हणून जास्तीचे पैसेसुद्धा घेणार नव्हती. मंगळवारी निघालो असतो तर काल दुपारी बाराला घरी. नोलीन अंघोळ करत होती, नळाचा आवाज येत होता. मी म्हटलं, बुधवारचं द्या.

असं बघू नका. तुम्ही काय केलं असतं? पुढच्या उजव्या बाजूला मी, आणि सगळं विंटन बघतंय! नंतर हॉलमध्ये चहा, चीजचे ते गरम रोल, आणि प्रत्येक बाई येऊन हात दाबून म्हणणार, शेवटी शेवटी तरी बोलला होतात ना दोघं? काय सांगू? आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी तो आला होता म्हणून? फाटकाशी त्याची गाडी उभी होती. इंजिन चालू. मी कातरणीच्या शेडमधून बघत होतो. आजारी आहे हे माहीत होतं मला, सगळ्यांनाच माहीत होतं, गाडीच्या काचेतून त्याची मानसुद्धा दिसत होती, एवढीशी झाली होती. फाटक उघडायला उतरायची ताकद नसेल त्याच्यात. मला वाटलं, उतरेल. त्याला वाटलं असेल, हा येईल. दहा मिनिटं. मी दाराच्या फळीला धरून उभा होतो, आणि मग तो गाडी मागं घेऊन गेला. हे नोलीनलाही माहीत नाही. हे मी — तुम्हाला कशाला सांगतोय मी हे?

मला भाऊ हवा होता हो. त्याला उचलायचं नव्हतं मला.

थांबा, ती येतेय. तिच्याकडं बघू नका... काय गं? बोललीस एकदाची. कुणाचा फोन? कॅलमचा? काय म्हणतो, चिडला असेल... उद्या? उद्या काय? — अहो, ऐका, ही म्हणतेय, काल अंत्यविधी केलाच नाही त्यांनी, उद्या आहे. थांबलेत. पाहुणे थांबलेत, पाद्री थांबलाय, मर्डोला तसंच ठेवलंय. कॅलमनं म्हणे सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, काका अमेरिकेहून येतायत, तारखेचा घोळ होणार, आपल्याकडच्या प्रत्येकाचा एकदा तरी होतो, आल्यावर त्यांना कुणी काही बोलू नका. आमच्या फोनची वाट बघत होता म्हणे, शेवटी त्यानंच केला. काकांशिवाय बाबांना कसं नेऊ, म्हणाला... अगं, रडतेस काय? हसतेस की रडतेस? ...हो. हो, चांगला पोरगा आहे. हो गं, धर हात, धर.

तुम्ही काय बसून राहिलात? उठा. तिला बसू द्या.