हन्नाबाईंचं ‘खरोखर’

थांबलेली ढोलकी. खडूनं पांढरी झालेली बोटं. चाकाची खुर्ची, तिच्यावर लाल शाल. स्टीलचा पेला. एक कंगवा.

मंडळी, यातलं काही कशाला जुळत नाही ना? राहू द्या! मला एवढंच सांगा — देव उद्या तुमच्या दारात उभा राहिला, तर आधी काय म्हणाल? ‘ये बाबा’? की ‘आधार कार्ड दाखव’?

हसू नका! शद्रख मास्तर काय म्हणाले, ते ऐका.

मास्तर भूमितीचे. ‘सिद्ध करा’ हा त्यांचा श्वास! बायबल वर्गात समुद्र दुभंगला, की हे विचारणार — “पाणी किती खोल होतं?” माणूस मात्र सोन्याचा. बायकोला, हन्नाबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हापासून भरवणं, न्हाऊ घालणं, वेणी — सगळं मास्तर! मागणं एकच : प्रभू, हिचा आवाज परत दे.

आला पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, येशू कबरेतून उठल्याचा सण. पहाटेच्या उपासनेला सगळी मंडळी कबरस्तानात. पाळकसाहेबांनी आरोळी दिली, “प्रभू उठला आहे!”

आपण काय म्हणतो? जांभई देत — ‘खरोखर उठला आहे.’ तसंच म्हटलं सगळ्यांनी. आणि सगळे गप्प झाल्यावर, मागून, चाकाच्या खुर्चीतून, एकटाच आवाज —

“खरोखर उठला आहे!”

हन्नाबाई! ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला. शेजारी उभ्या एस्तेरकाकूंच्या हातातली मेणबत्ती खाली! आणि मास्तर? गुडघ्यावर आले, बायकोचे खांदे धरले —

“माझं नाव सांग! आज वार कोणता?”

“अहो मास्तर,” काकू ओरडल्या, “आधी हालेलूया तरी म्हणा!”

“थांबा काकू. खात्री करू द्या.”

खात्री! हन्नाबाईंचे ओठ थरथरले. शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “पाठ झालेलं, गाण्यातलं, प्रार्थनेतलं कधी कधी मेंदूत शाबूत राहतं. तेवढंच आलं असेल.”

“म्हणजे चमत्कार नाही,” मास्तर म्हणाले.

“असं मी कुठं म्हटलं?”

पण मास्तरांनी उत्तराखाली रेघ मारली होती! घरी परीक्षा सुरू. पेला पुढं धरायचा — “हे काय? बोल! तेव्हा बोललीस ना?” बाई रडल्या. मग भिंतीकडं तोंड केलं. उपासनेत गाणं लागलं, तरी ओठ मिटलेले. जे दार देवानं किलकिलं केलं, ते मास्तरांनी ठोकून ठोकून बंद केलं, मंडळी!

पाहिले ते मोजू गेलो।
हातचे ते सांडून आलो॥

एके दुपारी मास्तर तिचे केस विंचरत होते. कंगवा अडकला. ती कळवळली — आवाज न करता! मास्तरांनी कंगवा खाली ठेवला.

“हन्ने,” ते म्हणाले, “मी तुला फार छळलं गं. मला यातलं काही कळत नाही.” आणि मग, तिला नव्हे, स्वतःलाच सांगावं तसं — “प्रभू उठला आहे.”

बोटांनीच केसांतला गुंता सोडवू लागले. मग भिंतीकडून —

“खरोखर…”

अडकलं! मास्तरांच्या जिभेवर आलं — ‘पुढं? पुढं काय?’ गिळलं त्यांनी! अंगावर काटा, डोळ्यांना धार, आणि जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं न तपासता म्हटलं —

“उठला आहे.”

अर्धं तिचं, अर्धं त्याचं!

बाई बऱ्या झाल्या का? नाही. पाणी अजून बोटानंच मागतात. आणि तुम्ही? सकाळी डोळे उघडले, शेजारचं माणूस श्वास घेत होतं — दचकलात का? की उठल्याबरोबर हिशेब, शंका, ‘पण कसं’? अहो, कबर उघडी आहे आणि तुम्ही बिजागऱ्या तपासता! विचार करा, बुद्धी देवानंच दिली. पण आधी तोंडाचा ‘आ’ तरी होऊ द्या!

लग्नाच्या दिवशी पाळकांनी विचारलं, तेव्हाही शद्रख मास्तरांनी ‘होय’ म्हणण्याआधी खात्री करण्यात इतका वेळ लावला होता, की हन्नाबाई घुंगटाआड मोठ्यानं हसल्या होत्या.