टाइलचा लॉट

वंध्यत्वाच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर टाइल बसवणारा एक कारागीर आणि त्याची बायको बसली होती. तिच्या हातात सोनोग्राफीचा कागद होता. तीनदा गर्भाशयात सोडलेला गर्भ एकदाही रुजला नव्हता.

"गर्भाशयाचं अस्तर किती आलं?"

"साडेसात मिलिमीटर."

"गेल्या वेळी?"

"आठ."

"म्हणजे उतरलं! अशानं टाइल पकड धरणार कशी?"

"अहो, गर्भाशय आहे ते, न्हाणीघर नाही."

"तत्त्व तेच. आई म्हणते, गर्भ सोडल्यावर तू शिंकलीस."

"सासूबाईंना सांगा, तो नाकात नव्हता ठेवला."

"चिडतेस काय? टाइल पडली की कारागीर आधी भिंतच बघतो."

"आणि त्या शाळेतल्या टाइल पडल्या तेव्हा?"

"दोनदा भिंत फोडली. दोनदा नवा गिलावा केला."

"मग?"

"तरी पडल्या."

"का?"

"टाइलचा लॉटच खराब निघाला."

"आधी तपासला नव्हता?"

"कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"माझी भिंत तीनदा खरवडून झाली. डॉक्टरीणबाईंनी तुमची पुढची तपासणी लिहून दिली, त्याला सात महिने झाले."

"मला काय धाड भरलीय?"

"लॉटवालाही हेच म्हणाला असेल."

दार उघडून नर्सनं विचारलं, "पुढचा पेशंट कोण?"

बाईनं कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"हे. उठा हो. आत गेल्यावर शिंकू मात्र नका."